घर तुझंच हाय

नांदेड-लातूर एसटीत माझ्या शेजारी एक अमेरिकन पोरगा बसला होता. लंडनला राहून मराठी शिकत होता. माझं कोपर त्याला लागलं, तरी सॉरी तोच म्हणायचा. ही खोड लंडनची.

"लंडनची शेजारीण म्हणाली, कधीतरी चहाला या. मी दुसऱ्याच दिवशी गेलो, तर ती घाबरली. तिथे ते नुसतं बोलायचं असतं," तो म्हणाला.

"असलेच हे इंग्रज!" मी भडकलो. "आमच्यात तसलं न्हाई. निलंग्याला ये, घर तुझंच हाय."

त्यानं लगेच वही काढली. "रविवारी येऊ, काका? पत्ता सांगा."

जन्मभर दुकानात सौदे केले, पण पहिल्याच बोलीला हो म्हणणारं गिऱ्हाईक हे एकच. मी दुकानाचा पत्ता दिला. रविवारी दुकान बंद असतं. राग मात्र मला अजून त्या पोराचाच येतो.