उष्टी नळी

"ताई, मले पोलिसानं धरलं. मशीनमधी फुंकू का नको फुंकू, तेवढं सांगा."

मी बुऱ्हाणपूरच्या कोर्टात वकिली करते. दुपारचा डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात यशवंतकाकांचा हा फोन. काका शाळेची बस चालवतात, माझी मुलगी त्यांच्याच बसने जाते. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून साडूच्या नातवाचं जाऊळ काढायला ते सगळ्यांना भाड्याची गाडी स्वतः चालवत इच्छापूरच्या देवीला घेऊन गेले होते.

"घेतलीय का काका?"

"गळ्यात माळ हाये ना ताई!"

खरंच माळकरी माणूस. पण शर्टाला दारूचा वास येत होता, हे त्यांनीच सांगितलं. साडू प्रल्हादराव ढाब्यामागे जाऊन आले होते आणि प्रेमाने काकांच्या गळ्यात पडले होते, ग्लासासकट.

"मग फुंका आणि मोकळे व्हा."

"नळी उष्टी हाये. कोन्या कोन्या दारुड्यानं तोंड लावलं असंन!"

मला हसू आलं आणि धास्तीही वाटली. हे मशीन श्वासातली दारू मोजतं. पोलिसाला संशय असताना तुम्ही फुंकायला नकार दिलात तर तो अटक करू शकतो, आणि तो नकार पुढे कोर्टात तुमच्याच विरुद्ध वापरला जातो. केस लागली की शाळा बसची चावी काढून घेणार. काकांच्या घरात कमावणारे ते एकटेच. मी फोन स्पीकरवर टाकायला सांगून हवालदाराकडे नवी नळी मागितली.

हवालदार भला निघाला. "मैडम, सबको नई ही देते हैं. ये देखो, पैकेट फाड़ रहा हूँ."

पाकीट फाडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी निवांत पोळीचा तुकडा मोडला.

"रुको साहब! पहिले मी पाहतो, साफ हाये का नाही!"

मग एक लांबलचक फुंकर ऐकू आली आणि मशीन किंचाळलं. फुंकणारे अर्थातच प्रल्हादराव.

आता गंमत बघा. फुंकण्याआधी मशीनमध्ये चालकाचं नाव टाकतात. ते टाकून झालं होतं. चिठ्ठी निघाली ती यशवंतकाकांच्या नावाची, आणि आकडा असा की तेवढी प्यायलेल्या माणसाला गाडीचं दारसुद्धा सापडलं नसतं.

"मैडम, पर्ची तो निकल गई," हवालदार म्हणाला. "नाम इन्हीं का है."

डबा तसाच टाकून, काळा कोट चढवून मी स्कूटीवरून इच्छापूरच्या रस्त्यावर, गाडी अडवली होती तिथे पोचले. काका रडवेले होऊन कडेला उभे होते. प्रल्हादराव छाती ठोकून सांगत होते, "मीच फुंकलं साहब! पाहिजे तं परत फुंकतो!" असा साक्षीदार मला वकिलीत परत मिळालेला नाही.

मी हवालदाराला म्हटलं, "फूँकनेवाला खुद बोल रहा है. दुबारा जाँच कीजिए. नहीं तो अस्पताल चलिए, खून की जाँच करवा लेते हैं."

खून म्हणताच काका चपापले. "नको ताई, सुईपेक्षा नळी बरी."

दुसरं पाकीट फाडण्याआधी मी प्रल्हादरावांना गाडीत कोंबलं आणि त्यांच्या बायकोला दाराशी उभं केलं. त्या तशाही कधीपासून नवऱ्याला कोंडायची संधीच शोधत होत्या. काकांनी चूळ भरली, डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि फुंकलं.

शून्य. हवालदाराने हसत पहिल्या चिठ्ठीवर झाला प्रकार लिहून ती रद्द केली. काकांनी नळी काढून, पुसून खिशात घातली. "आता ही आपली. पुढच्या वेळी लोकाची कायले?"

तर, प्यायला नसाल तर बिनधास्त फुंका. प्यायला असाल तर मुळात स्टिअरिंगला हातच लावू नका. आणि रस्त्यावरून कुणी फोन करून सल्ला मागितला की मी आता आधी विचारते, "शेजारी साडू उभा आहे का?"