हसणारा खंड्या

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये होते. तिथल्या पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या धडधडीत त्यांचे कान गेले. त्यामुळे 'चहा घेणार का?' एवढंही ते अख्ख्या संत तुकाराम नगरला ऐकू जाईल असं विचारतात. कानाचं मशीन खिशातच असतं. "घातलं की नुसतं खरखरतंय," म्हणतात.

रिटायर झाल्यावर काका-काकू ऑस्ट्रेलियाला मुलीकडे गेले आणि तिथे भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन दोघंच महिनाभर पक्षी बघत हिंडले. गाडी काकू चालवायच्या, काच खाली करून, अगदी सावकाश. आवाज आला की त्या गाडी कडेला घ्यायच्या आणि बोटाने दिशा दाखवायच्या. मग काका दुर्बीण लावून पक्षी हुडकायचे. सापडला की दुर्बीण लगेच काकूंच्या हातात द्यायचे.

परवा त्यांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तिकडचा खंड्या माणसासारखा खदाखदा हसतो, त्याचा. हसणं झकास ऐकू येत होतं, पण पक्षी कुठेच दिसेना. दिसत होत्या त्या व्हॅनच्या पायरीवर बसून पोट धरून हसणाऱ्या काकू.

"काका, पक्षी घ्यायचा राहिला की!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"राहिला न्हाई. त्यो हसतोय ते मला कुठं ऐकू येतंय? हिच्याकडं बघितलं, तवा कळलं."

आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावून तेही काकूंबरोबर हसायला लागले.