जॅक आणायला गेलो त्या रविवारी

गाडी पडली तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. खालून असा आवाज आला की हातातला कालथा खाली पडला. आम्ही तेव्हा फणसवाडीत राहायचो, पहिल्या मजल्यावर. धावत गॅलरीत आले. अंगणात आमची गाडी एका बाजूला कलली होती, चाक काढलेल्या जागी तिचा लोखंडी ड्रम फरशीत घुसला होता, आणि शेजारी माझे यजमान पाना हातात घेऊन उभे होते. चेहरा पांढराफटक.

"अहो, लागलं का?" मी वरूनच ओरडले.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी खाली गेले. नंतर कळलं, ते छातीपर्यंत गाडीखाली होते. पाना बसेना म्हणून दुसरा घ्यायला बाहेर सरकले, उठून उभे राहिले, आणि मागे गाडी खाली आली. जॅक तिरका होऊन सटकला होता. फरशीचे तीन तुकडे झाले होते. मी त्या तुकड्यांकडे बघत राहिले.

ती गाडी म्हणजे यांचा जीव. कचेरीतल्या एका साहेबांनी नवी घेतली तेव्हा जुनी यांना दिली होती. टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांच्या जातीचीच, फिकट निळी, आठवड्यातून एकदा तरी अडणारी. हे कारकून माणूस, पण रविवारी सकाळी बनियनवर खाली उतरायचे ते दुपारी तेलाने माखूनच वर यायचे. त्या दिवशी संध्याकाळी मी सांगून टाकलं, उचलायचं सामान धड येत नाही तोवर गाडीखाली जायचं नाही. आणि सामान निवडायला बाबांना घेऊन जायचं.

माझे बाबा लालबागला राहायचे. गिरणीत फिटर होते. होते म्हणायचं ते आज. त्या काळात आम्ही 'आहेत' असंच म्हणायचो. संप सुरू होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या गिरणीचं फाटक बंद होतं, आत मशीनं जागच्या जागी उभी आहेत आणि कधीतरी भोंगा वाजणार, असं बाबा धरून चालले होते. मधल्या काळात भायखळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये जायचे, पण त्याला ते नोकरी म्हणत नसत. "तात्पुरतं आसा," म्हणायचे.

बाबा पुढच्या रविवारी आले. फुटलेली फरशी बघितली, तिरका झालेला जॅक हातात फिरवला आणि जावयाकडे न बघता म्हणाले, "जॅक उचलण्यापुरता. उचललं की खाली घोडी लावायची. जॅकच्या भरवशावर माणूस गाडीखाली जात नाय."

"घोडी म्हणजे, मामा?" यांनी विचारलं. सासऱ्यांना हे मामाच म्हणायचे.

"तीन पायांची लोखंडी असते. गाडीचं वजन तिच्यावर. मग जॅक सुटला तरी सुटू दे."

नळबाजाराच्या मागच्या गल्ल्यांत जुन्या लोखंडाची दुकानं होती. आम्ही तिघं चालतच गेलो. मी हट्टाने बरोबर गेले होते, कारण या दोघांनी काय घेतलं हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. दुकानदार टोपीवाला, वयस्कर, बोलायला गोड. त्याने चार-पाच तेलाचे जॅक काढून मांडले. यांनी लगेच सगळ्यात मोठा, रंग दिलेला उचलला. बाबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. एक जुनाच, बाटलीसारखा जॅक निवडला, दुकानातल्या एका अवजड ओतीव लोखंडी ठोकळ्याखाली लावला, दांडा मारून उचलला आणि म्हणाले, "आता चहा सांगा."

चहा येऊन पिऊन होईपर्यंत ते जॅककडे बघत होते. भार तसूभरही खाली आला नाही. मग बोटाने दट्ट्याभोवती पुसून बघितलं, बोट कोरडं.

"हा घ्या. रंग दिलेल्याचं तेल गळतं, म्हणून रंग दिलाय."

दुकानदार हसला. "चाचा को सब मालूम है."

घोड्या दोन घेतल्या. बाबांनी त्यांच्या पिना भोकात घालून हलवून बघितल्या, जोड नखाने खरवडले, पाय फरशीवर सपाट बसतात का ते पाहिलं. एवढ्यात यांची नजर आत गेली.

"मामा, ती चेनपुली बघा ना. इंजिन उतरवायला बरी."

साखळ्यांनी वजन वर ओढायची कप्पी होती ती. माणसाच्या डोक्याएवढी, आकड्याला टांगलेली. बाबा चेष्टेने म्हणाले, "टांगणार कशाला? चाळीच्या तुळईला? इंजिन राहील खाली, चाळ येईल—" आणि वाक्य मध्येच थांबलं.

ते आत गेले. साखळीला हात लावला. एकेक कडी बोटांतून सोडत गेले आणि एका जागी थांबले. तिथली एक कडी बाकीच्यांपेक्षा जाड होती. त्यांनी ती अंगठ्याने घासली, खालची पिवळ्या रंगाची पट्टी बघितली आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "गो, ही आमची."

"आमची म्हणजे?"

"आमच्या खात्यातली. ही कडी मी घातलेली."

मला आधी वाटलं, एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू असतात. पण बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "ये किधर से आया?"

"मिल का माल है चाचा. पीछे और है, देखो ना." त्याला वाटलं, गिऱ्हाईक पटलं.

त्याने मागचा पडदा सरकवला. आत गोदाम होतं. दातेरी चाकं, शाफ्ट, मापांच्या पट्ट्या, तोडलेल्या मशीनचे पाय, सगळं एकावर एक रचलेलं. एका कोपऱ्यात कामाच्या टेबलावर वस्तू आवळून धरायचा शेगडा, त्याच्या जबड्याला अजून ग्रीस. बाबा त्या ढिगासमोर उभे राहिले. मग एका खोक्यावर बसले. हे त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, पण हात मध्येच थांबला.

"अजून येतो माल?" बाबांनी विचारलं. मराठीतच.

"आता है ना. ट्रक भर के आता है."

बाबा उठले. जॅक आणि घोड्या आमच्याकडे राहिल्या, ते रस्त्याला लागले. आम्ही सामान घेऊन मागे धावलो, टॅक्सी थांबवली आणि त्यांना आत घेतलं. "गिरणीकडे," एवढंच ते बोलले.

फाटकावरचा वॉचमन त्यांना ओळखत होता. बाबा दर महिन्याला फाटकाशी येऊन त्याच्याशी दोन शब्द बोलून जायचे. आज त्यांनी नमस्कारही केला नाही.

"आत काय ऱ्हायलंय?"

वॉचमन खाली बघू लागला.

"मी विचारतोय, आत काय ऱ्हायलंय?"

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि फाटकातलं लहान दार उघडलं. "पाच मिनट. मेरी नौकरी का सवाल है, साब." बाबांना कुणी साब म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी गिरणीत कधी गेले नव्हते. बाबांच्या बोलण्यातून आतली जागा मनात उभी होती: आवाज, गर्दी, मशीनच्या रांगा. आत पाऊल टाकलं तर नुसती जमीन. लांबच लांब जमीन, त्यावर तेलाचे काळे चौकोन रांगेने उमटलेले, आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांत बोल्टांची रिकामी भोकं. बाबा त्या चौकोनांवर पाय न देता, मधल्या वाटेने चालत गेले. मशीनं असती तर जसे गेले असते तसे. त्यांच्या खात्याच्या जागी पोचले आणि वर बघितलं. तुळईवर जिथे चेनपुलीचा आकडा घासायचा तेवढी जागा चकचकीत होती.

यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखत होता.

तिथून लालबागला बाबांच्या चाळीत आलो तेव्हा गॅलरीत बाबांचे दोस्त बसले होते. समोरच्या खोलीतले, विणकामगार. दोघं एकाच गिरणीत, एकाच गावचे, एकाच दिवशी संपात बाहेर पडलेले. मुलाला दुसरीकडे मिळत होती ती नोकरीही या काकांनी नको म्हटली होती, कारण गिरणी उघडल्यावर बदलीत, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, त्यालाच घेणार होते.

बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, "गिरणी गेली रे. आतली मशीनं विकली. मी आत्ताच बघून आलंय."

काका उठले आणि त्यांनी बाबांच्या कानाखाली मारली.

आवाज साऱ्या गॅलरीभर गेला. शेजारच्या खोल्यांतून बायका बाहेर आल्या. माझी आई दारात आली आणि तशीच खिळून राहिली. माझ्या वडलांवर कुणी हात उचललेला मी जन्मात पाहिला नव्हता. हे पुढे झाले तशी बाबांनी त्यांना हातानेच अडवलं.

"तोंड सांभाळ," काका म्हणाले. "मालकाचा माणूस झालंस काय?"

बाबा गालाला हातही न लावता म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल. तुका दाखवतंय."

काका आत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी त्या दारातून कुणी बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते चपला घालून बाबांच्या दारात उभे होते. "माका दाखव," म्हणाले. दोघं नळबाजारात गेले. चेनपुली तोवर विकली गेली होती. पण त्याच गोदामात काकांना मागांचे तुटके भाग दिसले. बाबांनी नंतर आईला सांगितलं, तो बाजाराच्या मधोमध उभा राहून रडला आणि लोक बाजूने वाट काढून जात होते.

मग दोघांनी चाळी पालथ्या घालून सगळ्यांना हे सांगितलं. फाटकाशी माणसं जमली, घोषणा झाल्या, पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. काही आठवडे ट्रक थांबले. मग पुन्हा सुरू झाले. गिरणी उघडली नाही. काकांच्या मुलाला पुढे माझगावला गोदीत काम मिळालं, उशिरा आणि हंगामी.

बाबा मात्र रविवारी आमच्याकडे यायला लागले. आधी आमच्या गाडीसाठी, मग वाडीतल्या आणखी दोघांच्या. बरोबर काका. त्यांना गाडीतलं काही कळत नसे. ते घोड्या लावल्या की दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवून बघायचे, आणि ती हलली नाही तरच बाबांना खाली जाऊ द्यायचे. त्या थपडेबद्दल दोघांत कधी शब्द निघाल्याचं मला आठवत नाही.

एकदा काका पान आणायला गेले होते. बाबा गाडीखाली, फक्त पाय बाहेर. मी धीर करून विचारलं, "बाबा, तुम्हाला तेव्हा राग नाही आला?"

त्यांनी सोडवलेला एक नट बाहेर फरशीवर ठेवला.

"तो माझ्याआधी बाजारात गेला असता," बाबा म्हणाले, "आणि येऊन मला सांगितलं असतं, तर मीच त्याला मारलं असतं." मग हात बाहेर आला. "बारा नंबरचा दे."

मी गडबडीत चौदाचा दिला. तो त्यांनी तसाच परत बाहेर सरकवला.