अडकलंय, तवर सांगतो

अन्याय किसनआबांवर झाला. गेल्या वर्षी आषाढी पौर्णिमेला, संध्याकाळची वंदना संपल्या संपल्या, आमच्या वस्तीच्या विहारात, सगळ्यांच्या देखत झाला. कुणी त्यांना शिवी दिली नाही की ढकललं नाही. वाचनाच्या टेबलावरचा त्यांचा लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला आणि तिथे स्पीकर ठेवला, एवढंच. "तसा कुणाचा हेतू नव्हता" हे मला पुष्कळांनी ऐकवून झालं आहे. पुन्हा ऐकवू नये.

मळवली स्टेशनातून भाजे लेण्यांकडे निघालं की वाटेत आमची वस्ती लागते. सगळी बौद्ध घरं. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एकजण वाचतो, बाकीचे सतरंजीवर बसून ऐकतात. मला कळायला लागल्यापासून तो एकजण म्हणजे किसनआबा. रेल्वेत गँगमन होते, घाटातले रूळ तपासत नोकरी गेली. पुढे लोणावळ्याच्या एका बंगल्यावर राखणदार झाले. बंगल्याच्या मालकांनी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना आबांना देऊन टाकला. आबांनी तो वर्षभर उशाशी नुसता ठेवला होता.

मग डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण ऑपरेशन होऊनही पुस्तकातली अक्षरं दिसेनात. मी ग्रंथाची स्कॅन केलेली फाइल त्या लॅपटॉपमध्ये घालून दिली. आबा अक्षर एवढं मोठं करायचे की पडद्यावर चार ओळी मावायच्या. चार ओळी वाचून झाल्या की बटण दाबायचं, आणि लॅपटॉप विचार करत बसायचा. पडदा अर्धा पांढरा, मध्ये गोल फिरणारं चाक. आबा चष्मा कपाळावर चढवायचे, सतरंजीकडे तोंड करायचे आणि म्हणायचे, "अडकलंय. अडकू द्या. तवर सांगतो."

जे सांगायचे ते ग्रंथात कुठेच नसायचं. घाटात दरड कोसळली तेव्हा कंदील घेऊन गाडी कशी थांबवली ते असायचं. किंवा मग डबी. डबी दरवर्षी व्हायचीच. "छप्पन साली बानं धर्म घेतला. घरातलं देव फडक्यात बांधलं आन् निगाला इंद्रायनीत सोडायला. आय म्हनली, देव न्या, डबी ठिवा. बा म्हनला, अगं देवाचीच डबी ती. आय म्हनली, देव गेलं, आता ती माजी. मिठाला बरी हाय." ती पितळी डबी आबांकडे शेवटपर्यंत होती. समोरच राहणारी सखूमावशी दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची आणि म्हणायची, "खरी शानी तुजी आय व्हती किसना, तू बावर गेलास."

आबा एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा वराळ्याला बिल्डिंगमध्ये राहतो, सणासुदीला येतो, आला की गाडीची किल्ली हातातच असते. दिवसभरात माणसांशी बोलायची आबांची वेळ संध्याकाळची ती एकच. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मी अन्याय म्हणते.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष विकास. वाईट मुलगा नाही, हे मुद्दाम सांगते, कारण वाईट मुलगा असता तर भांडणं सोपं गेलं असतं. त्या पौर्णिमेला तो हात जोडून म्हणाला, "आबा, यंदापासून तुम्ही आराम करा. रेकॉर्डिंग आणलंय. आवाज एकदम भारी आहे. तुमचं ते सारखं अडकतं, लोक कंटाळतात." आबांनी लॅपटॉप मिटला, छातीशी धरला आणि भिंतीला टेकून बसले. रेकॉर्डिंग सुरू झालं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आवाज चांगला हाय पोराचा."

आवाज चांगला होता आणि मोठाही होता. विहाराच्या छपरावर कर्णा लावल्यामुळे घरोघर ऐकू जायला लागला. मग विहारात यायचं कशाला? भाकऱ्या थापता थापता ऐकायचं, मोबाईल बघता बघता ऐकायचं. पंधरवड्यात सतरंजी रिकामी झाली. स्पीकर वाचतोय आणि समोर आबा एकटे बसलेत. मी विचारलं, "आबा, घरीपण ऐकू येतं की." ते म्हणाले, "घरी तर भिताडं बी ऐकत्यात. हितं कोन आलंच तर?"

मी पत्रक काढलं. माझा तो धंदाच आहे. रस्ता, पाणी, बंगलेवाल्यांनी अडवलेली वाट, सगळ्यावर मी पत्रकं काढली आहेत. मथळा दिला, 'आबांची जागा आबांना द्या.' आबांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "पत्रकवाले, तुजी मागची पत्रकं मी वडापावच्या गाडीवर बगितली. तेल चांगलं धरत्यात." मी म्हटलं, "आबा, चेष्टा नको. तुम्हाला वाचायचंय की नाही?" तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "वाचायचंय," एवढंच म्हणाले.

तक्रार अडकण्याची होती, तर अडकणंच काढून टाकू, असं मी ठरवलं. लॅपटॉप घेऊन तळेगावच्या दुकानात गेले. दुकानदाराने उघडूनसुद्धा बघितला नाही. "मॅडम, हा भंगारात द्या. नवीन घ्या." माझं डोकं फिरलं. स्क्रीन धड, कीबोर्ड धड, बॅटरी तासभर चालते, आणि म्हणे भंगार. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल आणि गुपचूप नवीन घेतला असेल. बहुतेक जुन्या लॅपटॉपची मागची झाकणी साधे स्क्रू काढले की उघडते. आतली फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता येते, रॅम वाढवता येते, पंख्यातली धूळ काढता येते. मी शिकले ते व्हिडिओ बघून. रॅम एका मैत्रिणीच्या फुटलेल्या लॅपटॉपमधून काढली, एसएसडी मागवली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवून घेतलं.

आबांच्याच ओट्यावर बसून काम केलं. त्यांनी डबी रिकामी करून पुढे ठेवली. "स्क्रू हितं टाक. मिठाचं नगं बगू, पुसलीय." झाकणी निघाली तर पंख्यात धुळीची अख्खी गादी. आबा वाकून बघत होते. "माज्या छातीचा फोटो काडला तवा असंच दिसलं व्हतं. डाक्टर म्हनला, खडीची धूळ हाय." मी ब्रशने साफ करत होते, ते म्हणाले, "माजं बी करतीस का?" मी हसले. ते नव्हते हसत.

लॅपटॉप चालू केला तर चहा कपात ओतेपर्यंत तयार. पानं बटणासरशी पुढं. मी तो विकासच्या पुढ्यात नेऊन आपटला, अर्थात हळूच. तो म्हणाला, "बरं, रविवार आबांना देऊ." रविवार! मावळात राहणाऱ्याला रविवार म्हणजे काय ते सांगायला नको. अख्खी वस्ती पाहुण्यांच्या मागे असते. कुणी गाड्या लावतंय, कुणी कणसं भाजतंय, कुणी बंगले झाडतंय. जो वार कुणालाच नको होता तो आबांना मिळाला. आबांनी तोही घेतला.

पहिल्या रविवारी सखूमावशी आणि मी. आबांनी स्वच्छ शर्ट घातला होता. चार ओळी, बटण, चार ओळी, बटण. लॅपटॉप कुठेच थांबला नाही, म्हणून आबाही थांबले नाहीत. वाचन संपलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. सखूमावशी म्हणाली, "झालं व्हय? आन् डबीचं?"

"अडकतच न्हाई तर सांगू कवा?" आबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "लय पळतंय आता. काम चोख केलंस." त्यात कौतुक होतं, आणि आणखी काय होतं ते मला बोचलं.

पुढच्या रविवारी त्यांनी चार ओळी वाचल्या, बटण दाबलं, चष्मा कपाळावर चढवला. "अडकलंय." मी उठून पडद्याकडे पाहिलं. पुढचं पान आलेलं होतं, लख्ख. "अडकू द्या," आबा म्हणाले. "तवर सांगतो." मी खाली बसले. सखूमावशीला पडदा दिसत नव्हता, ती म्हणाली, "बरं झालं बाई, बिगाडलं."

भाद्रपदात सखूमावशी लेकीकडे परंदवडीला गेली. मग ऐकायला मी एकटी. एका रविवारी मला तळेगावच्या सभेतून यायला उशीर झाला. विहाराच्या पायरीवर चपला काढताना आतून आवाज आला. "अडकलंय. अडकू द्या. तवर सांगतो." दारातून पाहिलं. आत कुणी नव्हतं. आबा रिकाम्या सतरंजीला सांगत होते, "बा म्हनला, अगं देवाचीच डबी ती." सांगताना थांबायच्या जागी थांबत होते, हसायच्या जागी हसणाऱ्यांची वाट बघत होते.

माझा पाय वाजला. "कोन हाय?"

"मी, आबा."

"एकटीच व्हय?"

"हो."

"बस. डबीपतूर आलोय."

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. थंडीत आबा गेले, छातीनेच. पुण्यानुमोदनाला विहार इतका भरला की माणसं पायऱ्यांवर बसली. मुलाने किल्ली खिशात ठेवली होती. विकासने त्याच स्पीकरवरून आबांच्या योगदानाविषयी सांगितलं, त्याचा आवाज भरून आला होता, आणि खोटा नव्हता. मला रडू आलं नाही. मी माणसं बघत होते. इतकी माणसं होती तर आपल्याकडे.

मुलाने लॅपटॉप मला दिला. "तुम्हीच न्या, आम्हाला काय उपयोग?" अजून बटणासरशी चालतो.

वर्षावास पुन्हा तोंडावर आला आहे. रविवार मी मागून घेतला आहे. तुम्ही जवळपास राहत असाल तर या. लांब असाल तर तुमच्या गावात जे म्हातारं माणूस चार डोकी जमायची वाट बघत काही वाचतंय, सांगतंय, तिथे जा. फोटो काढू नका, रेकॉर्डिंग करू नका, घरून ऐकतो म्हणू नका. सतरंजीवर येऊन बसा. आणि वाचणारा म्हणाला "अडकलंय", तर पडद्याकडे बघू नका.