चार चाकं आणि दोन चुली

कार्ड बंद पडलंय हे लीलाबाई झाडेला दवाखान्याच्या खिडकीवर कळलं. दोन्ही किडन्या गेलेल्या. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा मशीनवर तिचं रक्त धुतलं जायचं, आणि तेही सरकारी आरोग्य कार्डावर. कार्ड चालू तर मशीन चालू, मशीन चालू तर लीलाबाई चालू. इतका सरळ हिशेब होता.

त्या दिवशी खिडकीवरची पोरगी म्हणाली, "मावशी, कार्डाची वर्षाची तपासणी आहे. अंगठा द्या."

लीलाबाईनं अंगठा दिला. पोरगी स्क्रीनकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "तुमच्या राशन कार्डाचा नंबर बंद दाखवून राह्यला. हे कार्ड त्याच्यावरच चालते. तिकडून चालू करून आणा आधी."

"बंद काऊन? मेली काय मी?"

"मेल्यावर वेगळं येते, मावशी. हे दुसरं काहीतरी आहे."

त्या दिवशीचं डायलिसिस पोरानं, पियुषनं, पैसे भरून करून घेतलं. पण पैसे भरून माणूस किती दिवस जगेल, हे भाजी विकणाऱ्या बाईला कोणी शिकवायला लागत नाही. लीलाबाईचा जन्म बाजारात गेला होता. सेलूचा बाजार, पुलगावचा बाजार, डोक्यावर वांग्याची टोपली आणि जिभेला विळ्याची धार. नवरा लवकर गेला. पोरगा पाठीशी बांधून तिनं धंदा केला, आणि कोणासमोर मान खाली घातली नाही.

तहसीलच्या पुरवठा विभागात बाबूनं नंबर टाकला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली, जशी काही ती वाचणारच होती.

"तुमच्या नावावर चारचाकी आहे, बाई. चारचाकीवाल्याले राशन नाई. म्हणून बंद."

आता ही चारचाकी म्हणजे काय, तर पियुषनं घेतलेला जुना छोटा हत्ती, मालाचा टेम्पो. रोज सकाळी त्यात वांगी, सांभाराच्या जुड्या, टमाटे भरून तो बाजाराला जायचा. झाडेंच्या घरात रीत अशी की नवी वस्तू घरातल्या मोठ्या बाईच्या नावानं घ्यायची. तिच्या नावानं घेतली की टिकते, बरकत येते. विहिरीवरचा पंप असाच घेतला होता, गायही अशीच. गाडी घेताना दलालानं विचारलं, कोणाच्या नावावर करू? पियुषनं एक क्षणही विचार केला नाही. "मायच्या." लीलाबाईनं हळदीचा पंजा गाडीच्या तोंडावर उमटवला होता, आणि त्या दिवशी बाजारभर सांगत सुटली होती की माह्या पोरानं गाडी माह्या नावावर केली. आईला मान द्यायला गेला आणि तिच्याच नरड्यावर पाय पडला.

"साहेब, त्यात वांगे राह्यते," लीलाबाई म्हणाली. "मी मांगं बोऱ्यावर बसून जातो. त्याले तुम्ही चारचाकी म्हंता?"

"बाई, कॉम्प्युटरले वांगे नाई दिसत. चाकं दिसते."

"मंग त्याच कॉम्प्युटरले माह्या किडन्या काऊन नाई दिसत? त्याई तर सरकारच्याच मशीनमंधी लिवून ठेवल्या हायेत ना?"

मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. बाबू हसला नाही. पोटासाठी घेतलेली माल वाहायची गाडी आहे, असा अर्ज करता येतो म्हणाला. अर्ज वर जाईल. वर म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं. मग आवाज खाली आणून त्यानं खरी वाट सांगितली. गाडी पोराच्या नावावर करा. पोरगा वेगळा झाला असं दाखवा. तलाठी येऊन वेगळी चूल पाहील, पंचनामा करील, आणि म्हातारीचं एकटीचं नवं राशन कार्ड निघेल. मग आरोग्याचं कार्डही उघडेल.

"म्हंजे पोराशी भांडू?"

"भांडू नका हो. कागदावर वेगळे व्हा फक्त."

गावात कोणी जास्तीच्या धान्यासाठी एका घराची दोन कार्डं केली की हेच लोक त्याला चोर म्हणतात. आणि इथं माणूस जगवायचा तर घर फोडून दाखव, असं हेच शिकवतात. वर शिकवणाराला पगार.

लीलाबाईनं माल वाहायच्या गाडीचा अर्जही दिला. तो वर गेला, आणि वरच राहिला. इकडं डायलिसिस लांबायला लागलं. पैसे जमले की जायचं, नाही जमले की नाही. पाय सुजून दगडासारखे झाले. पाणी घोटाघोटानं, तेही जिभेला लावण्यापुरतं. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून ती खाटेवर भिंतीला टेकून बसूनच डोळे मिटायची.

"माय, गाडी इकून टाकतो मी," पियुष एके सकाळी म्हणाला.

"इक. आन् मले दवाखान्यात डोक्यावर बसवून नेजो! खाशीन काय रे? बायकोले काय खाऊ घालशीन? खबरदार गाडीले हात लावला तं."

मग वाट एकच उरली. पियुषनं वर्ध्याला खेटे घालून गाडी आपल्या नावावर करून घेतली. सून रूपालीनं मागच्या पडवीत मातीची चूल घातली. कोऱ्या चुलीवर कोण विश्वास ठेवील, म्हणून ती रोज तिच्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळत बसायची. भिंत काळी झाली, स्वयंपाकाचे दोन गंज काळे झाले, डोळे लाल झाले.

"आई, आता दिसते ना जुनी?" तिनं विचारलं.

"दिसते व माय," लीलाबाई म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

एक गोष्ट मात्र करायची राहिली. पंचनाम्याला शेजारचा पंच लागतो, आणि पंच म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी अनुसयाबाई, हे ठरलेलंच होतं. "तिले सांगून ठेवा आई," असं रूपालीनं म्हटलंही. लीलाबाई हो म्हणाली आणि गेली नाही. जिच्यापुढं आयुष्यभर पोराचं आणि सुनेचं कौतुक केलं, तिच्या दारात जाऊन "आमचं घर फुटलं असं सांगजो" म्हणायचं? तिचे पाय सुजले होते हे खरं, पण त्या पायांना अडवलं ते सुजेनं नाही.

तलाठी पुंडलिकराव आले. सरकारनं तलाठ्याचं नाव बदललंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं. माणूस वाईट नव्हता. पडवी पाहिली, चूल पाहिली, काळ्या भिंतीवर बोट फिरवून बोट पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले. "शेजारचं कोणी बोलवा सहीले."

अनुसयाबाई पदर खोचत आली.

"काय हो बाई, हे लोक वेगळे राह्यते ना? सासूची चूल वेगळी?"

अनुसयाबाईचा चेहराच बदलला. तिला वाटलं, कोणीतरी या घराची चुगली केली आणि तलाठी चौकशीला आला.

"कोन सांगतलं तुमाले? जीभ झडो त्याची! या घरात दोन चुली? अवं, अख्ख्या गावात सासू-सून एका ताटात जेवते असं हे एकच घर हाय. मी लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली. पोरानं गाडी घेतली तं मायच्या नावानं! सून तिचे पाय चेपते रोज. लिवा तुम्ही, माह्या नावानं लिवा. मी सही करतो!"

रूपालीनं पदर तोंडाला लावला. पियुष अंगणातल्या गाडीकडे पाहत राहिला. पुंडलिकरावांचा पेन हवेतच थांबला.

"आता मी काय लिहू, आजी? पंच सांगते ते लिहावं लागते मले."

लीलाबाई खाटेवर बसून होती. तलाठी आता उठून गेला की पुन्हा कधी येईल, आणि तोवर हा श्वास पुरेल का, हे तिचं तिलाच कळत होतं. ती उठली. भिंत धरून उभी राहिली, आणि खाटेवरची गोधडी काखेत घेतली.

"बाई सांगते थे खरं हाय," ती म्हणाली. "आतापर्यंत तसंच होतं. आता नाई. आता मी गोठ्यात राह्यतो. त्याले दार वेगळं हाय. चूलही तिकडं नेऊ. लिवा."

"माय!" पियुष ओरडला.

"तू गप. तू वेगळा हायेस."

पुंडलिकराव गडबडले. "आजी, एवढं नाई लागत. दोन दिवस दाखवा अन् या घरात वापस. कोण पाहाले येते?"

"कोन येते? दरसाली अंगठा द्या म्हंते थे पोरगी दवाखान्यात. आज तुम्ही आले, उद्या दुसरा येईन. मले बसून झोपाले लागते साहेब, मले पुन्हा हे नाई झेपत. खरंच वेगळी होतो म्हंजे कोनाले काई लपवाले नको."

अनुसयाबाईला आता कुठं उमगायला लागलं. "अवं माय, लीला, मी काय बोलली व असं?"

"तू खरं बोलली अनुसया. तुह्यावर राग नाई माहा."

आणि ती गोधडी घेऊन अंगण ओलांडून गेली, मध्ये एकदा गाडीला टेकून दम खात. पुंडलिकरावांनी लिहिलं. अनुसयाबाईनं खाली सही केली.

नवं कार्ड निघायला जो वेळ लागायचा तो लागलाच, आणि त्यात एकदा लीलाबाईला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचली. गोठ्यात ती स्वतःचं स्वतः रांधते. मीठ कमी, पाणी कमी, एका माणसाचं. रूपाली भाजीची वाटी घेऊन दारापर्यंत येते. लीलाबाई ती घेत नाही. "कोनी पाह्यलं तं?" म्हणते. आता पाहायला कोणी नसतं तेव्हाही म्हणते. ज्या बाईनं भर बाजारात दलालांना आडवं घेतलं, तिला आता अंगणातून जाणाऱ्या-येणाऱ्याची भीती वाटते.

कार्ड चालू झालं म्हणून निरोप आला, त्या दिवशी पियुषनंच तिला दवाखान्यात नेलं. फाटक दिसायला लागताच तिनं गाडी थांबवायला लावली.

"इथीच थांब. तिथी दारावर गाडी नको दिसाले."

"माय, एवढ्या लांबून चालशीन कशी?"

"चालतो मी. तू मालाचं पाह्य."

चालता चालता ती दोनदा कठड्यावर बसली. खिडकीवर तीच पोरगी होती. अंगठा लागला, स्क्रीन उघडली, पोरगी हसली.

"झालं बघा मावशी, चालू झालं. आता नवीन माहिती भरू. घरी कोण कोण असते?"

"कोनी नाई. मी एकटीच."

पोरीनं वर पाहिलं. "मागं तर मुलगा यायचा ना सोबत? आज कशा आल्या मग?"

"भाड्याची गाडी करतो," लीलाबाई म्हणाली, आणि पुढचं काही विचारायच्या आत मशीनच्या खोलीकडे वळली.