थर्लोच्या गोष्टी कोण लिहितं?

एसा थर्लो आमच्या कॉलेजातला लांब पल्ल्याचा धावपटू. बाप ग्रॅनाइटच्या खाणीत मजूर, आणि मुलगाही दगडासारखाच अबोल. १९०९च्या शरदात त्यानं आमच्या मासिकाला गोष्टी द्यायला सुरुवात केली. गोष्टी चांगल्या होत्या, आणि तिथेच घोडं अडलं. या लिहितं कोण, असं संपादक मंडळात जो तो विचारू लागला.

संशयाला जागा होती. शर्यतींचा मोसम आला की प्रशिक्षक मॅगॅरिटी आपल्या पोरांना वेगळ्या टेबलावर बसवी. अर्धकच्चं मांस, शिळा पाव, कॉफी बंद. जेवण झालं की झोप. खोल्यांतले दिवेसुद्धा तो काढून नेई. दिवसा वर्ग, नंतर नदीकाठच्या रस्त्यावर धावणं. मग थर्लो लिहायचा कधी? मजकूर तो रविवारी प्रार्थनेनंतर एका बैठकीत कागदावर उतरवी आणि त्यात कुठेही खाडाखोड नसे. मुख्य संपादक लूशियस पेटिंगिल हा पाद्र्याचा मुलगा. इतकं स्वच्छ लिखाण म्हणजे कुणाची तरी नक्कल, असं त्याचं ठाम मत.

मॅगॅरिटीचा संशय उलट होता. पोरगा चोरून मेणबत्ती लावतो, असं त्याला वाटे. म्हणजे रात्री लिहितो म्हणावं तर थर्लो संघातून जाणार, आणि शिस्त पाळतो म्हणावं तर मासिकात लबाड ठरणार. त्या वर्षी मंडळावर एक जागा रिकामी होती आणि त्याला ती मनापासून हवी होती.

मी मासिकाच्या वर्गणीचं काम पाहायचो. साहित्यातलं मला फारसं कळत नसे, त्यामुळे दोन्हीकडचे लोक माझ्याशी मोकळं बोलत. मी थर्लोला सरळच विचारलं.

"धावताना रचतो," तो म्हणाला. "पाय कामाला लागले की डोकं मोकळं होतं. रविवारी नुसतं उतरवायचं."

हे पेटिंगिलला सांगितलं तर तो हसला. "डोन, तू भोळा आहेस की त्याला सामील आहेस, एवढंच आता ठरवायचंय."

शेवटी परीक्षा ठरली. कॉलेजच्या फाटकापाशी पेटिंगिलनं विषय दिला: नदीवर पूल झाला, आता नावाड्याचं काय? थर्लो पळत सुटला. वाटेत कुणी भेटून मजकूर पुरवत नाही ना, हे पाहायला मी सायकलवर मागे. कुणकुण लागून मॅगॅरिटीही घड्याळ घेऊन फाटकापाशी येऊन थांबला होता. वाटेत सफरचंदांची एक गाडी तेवढी भेटली, थर्लोनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ओठ सारखे हलत होते. फाटकावरून दिसणाऱ्या गिरणीच्या वळणावर एखादा शब्द अडला असावा, कारण तिथे तो जवळजवळ थांबलाच.

परत आल्यावर फाटकाला टेकून, अंगातून वाफा निघत असताना, त्यानं गोष्ट सांगितली. पूल झाल्यावरही नावाडी रोज रिकामी नाव पलीकडे नेतो आणि पुलावरचे लोक वरून त्याला हाका मारतात, एवढीच. तो कुठे अडखळला नाही.

पेटिंगिल त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "इतका वेळ तुम्ही दोघंच होतात ना?"

मॅगॅरिटीला मात्र सगळं पटलं. घड्याळावरची नजर न काढता तो म्हणाला, "याचे बूट बदलले, खाणं बदललं. हा वळणावर का मरतो ते आज कळलं. पोरा, मला तुझे नुसते पाय नकोत, डोकंही हवंय. धावताना ते गोष्टीत न घालता मला देणार असशील तर शनिवारी शर्यतीला ये."

शनिवारी थर्लो गेला नाही. नदीपलीकडच्या कॉलेजानं आम्हाला हरवलं, आणि थर्लो त्यांना फितूर झाल्याची बोलवा संध्याकाळच्या आत पसरली. भोजनगृहात त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. संघातल्या खेळाडूंना मिळणारं स्वेटरवरचं कॉलेजचं अक्षर उसवून तो त्याच रस्त्यावर एकटा धावे.

मंडळावरची जागा दुसऱ्याला गेली. याला घेतलं तर पोरं अंक परत करतील, असं पेटिंगिलचं म्हणणं. नावाड्याची गोष्ट मात्र त्याला सोडवेना, म्हणून ती बिननावाची छापली. थर्लोनं त्याला हरकत घेतली नाही. प्राध्यापकांनी ती वर्गात वाचून दाखवली, आणि ती पेटिंगिलचीच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. पेटिंगिलनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मला चीड आली. वर्गात उभा राहून सांग, असं मी थर्लोला म्हटलं.

"आणि साक्षीला कोण, तू? तुझ्यावर तरी कुणाचा विश्वास आहे?" बुटांच्या नाड्या बांधता बांधता त्यानं मान वर केली. "खरं सांग डोन. नाव गाळायचं पेटिंगिलला सुचलं, की वर्गणीसाठी तुला?"

मला सुचलं नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. त्यानं मान डोलावली. पण पेटिंगिल फाटकापाशी माझ्याकडे जसं पाहत होता, तसंच त्यानंही पाहिलं.

पुढे तो खाणीच्या गावी शाळामास्तर झाला. मासिकाला त्यानं पुन्हा काही दिलं नाही. मीही कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर का मागतोस, हेच त्यानं आधी विचारलं असतं.