टेकडीखालची गळती

फिटरकाकांना जमिनीला कान लावला की पाइप कुठं गळतोय ते कळायचं. हे ते स्वतःच चारचौघांत सांगायचे, त्यामुळे विसरायची कुणाला सोय नव्हती. आपल्या भागात एकही गळती शिल्लक नाही, ही त्यांची शेखी. पाणीपुरवठ्यातलं नोकरीचं शेवटचं वर्ष, तेवढी शेखी मिरवत घरी जायचं, बस्स.

पण गाव वाढत होतं भसाभस. नवा रस्ता नेमका टेकडीखालच्या पाणथळातून जाणार होता. तिथं लव्हाळी माजलेली, बेडकांचा बाजार भरलेला, आणि एक पाणकोंबडी दरवर्षी पिल्लं काढायची. काका डबा तिथंच खायचे. कोंबडीशी बोलायचेही. ती निमूट ऐकून घ्यायची, घरी ती सोय नव्हती.

एक दिवस सर्वेवाल्या बाई आल्या. जिल्ह्यात उरल्यासुरल्या नैसर्गिक जागा हुडकून वाचवायच्या, हे त्यांचं काम. म्हणाल्या, "झरा असेल तर रस्ता वळवतील. पण शेजारून तुमची लाइन जाते. पाणी तिचं निघालं, तर जागा नियमात बसत नाही."

"कोंबडीला काय, झऱ्याचं न् पाइपचं वेगळं कळतं?"

"तिला नाही कळत. नियमाला कळतं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या.

माझ्या भागात गळती? काका उखडलेच. तरी ठरलं, आठवडाभर लाइन बंद ठेवायची, वरच्या वस्तीला टँकरनं पाणी द्यायचं आणि पाणथळ आटतं का बघायचं.

वरच्या वस्तीत काकांची थोरली बहीण राहायची. तिच्या नळाला वर्षानुवर्षं करंगळीएवढी धार. "गळतीच निघू दे रे बाबा," ताई म्हणाली. "ती बुजवलीस की मला पाणी चढेल. का कोंबडी सख्खी आणि मी सावत्र?"

काकांच्या डोक्याचा पार भुगा झाला. झरा निघाला तर अब्रू राहते, कोंबडी राहते, ताईची धार करंगळीएवढी ती करंगळीएवढीच. रोज सकाळी काठावर उभं राहून पाणी उतरू नये म्हणायचे, मग ताईचा चेहरा आठवून स्वतःवरच चिडायचे.

आठवडा संपेपर्यंत चिखलाला भेगा पडल्या. बाई हळूच म्हणाल्या, "ऊन फार होतं, काका. उन्हानंही आटलं असेल ना?"

त्यांना काय ऐकायचंय ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नुसतं हो म्हटलं की जागा वाचत होती, शेखीसुद्धा.

"उन्हानं एवढं आटत नाही," काका म्हणाले. "गळती आहे. इतकी वर्षं माझ्या नाकाखाली."

खरं का बोललो, हे त्यांचं त्यांनाच उमजेना. ताईसाठी? की गळतीला झरा म्हणायला जीभच रेटली नाही?

मग त्यांनी स्वतः खणून सांधा बसवला. दुपारी ताईचा फोन आला, गच्चीवरच्या टाकीपर्यंत पाणी चढलं म्हणून. "बरं झालं," म्हणता म्हणता काकांना रडू आलं. आनंदाचं की कशाचं, देव जाणे.

डोळे पुसून बघतात तो पाणकोंबडी पिल्लं घेऊन कच्च्या रस्त्यावर आलेली आणि समोरून खडीचा डंपर. काका हातातला पाना उगारून आडवे झाले.

डंपर थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "काका, कुठं निघाली ही मंडळी?"

"माहीत नाही रे," काका म्हणाले. "त्यांचं पाणी मीच तोडलं."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.